नाल्यासाठी काढलेला मुहूर्त

वसुमतीनं खुर्च्या पुन्हा एकदा पुसून काढल्या. धूळ नव्हतीच मुळी. पण रिकाम्या खुर्च्यांकडे नुसतं बघत बसण्यापेक्षा ते बरं. समोर टेबलापाशी कृष्णप्पा नावाचे सरकारी अधिकारी पंख्याखाली बसून घाम टिपत होते. बसवनगुडीतल्या देवळाच्या त्या दालनात जनसुनावणीसाठी ह्या दोघांखेरीज काळं कुत्रं फिरकलं नव्हतं.

लोक कुठे गेलेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

झालं होतं असं. पहिली सुनावणी ठरली ती नेमकी राहुकाळात. गल्लीतली निम्मी घरं सोवळ्याओवळ्याची, कुणी उंबरा ओलांडला नाही. दुसरी अमावस्येला आली, तेव्हाही तीच गत. मग तिनं थोरल्या भावाला, हयवदनअण्णाला, गळ घातली. अण्णा गल्लीचा पंचांगी. ह्या खेपेला असा दिवस काढ म्हणाली, की कुणाला नाक मुरडायला जागाच राहू नये. अण्णानं चष्मा पुसून, बोटं मोजून वैशाखातला लखलखीत दिवस काढून दिला. तिनं तो कचेरीत कळवला, पेपरात छापूनही आला. इतका चांगला दिवस साऱ्या बेंगळूरलाच चांगला असणार, हे दोघांही शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही! लग्नपत्रिका येऊन पडायला लागल्या तेव्हा ती धावत कचेरीत गेली. तारीख आता हलायची नाही, असं तिथं सांगितलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं विघ्न म्हणून खरीखुरी लग्नंच उभी राहिली. खुद्द अण्णा आज दोन ठिकाणी अंतरपाट धरायला गेला होता.

आणि एवढा आटापिटा कशासाठी, तर गल्लीमागच्या नाल्यासाठी. पावसाचं पाणी तळ्यात नेणारा तो जुना राजकालुवे. पूर्वी त्यात पावसाचंच पाणी असायचं. आता पाऊस पडला की रस्त्यावरचं, गॅरेजांचं काळं तेल, रंगाच्या कारखान्यांचं लालनिळं पाणी, सगळं त्यात उतरायचं, आणि तो तुंबला की परसातल्या विहिरींत झिरपायचं. वसुमतीची आई त्याच विहिरीच्या पाण्यानं काविळीत गेली. विमा कचेरीतली कारकुनी सांभाळून आठ वर्षं वसुमती एकच मागणं घेऊन हिंडत होती: कायदा करा. घरपट्टीबरोबर पावसाच्या पाण्याचा वेगळा कर घ्या, आणि तो पैसा नाले साफ करण्याखेरीज कशालाही वापरू नका. अर्ज, मोर्चे, आमदाराच्या दारात ताटकळणं, सगळं करून झालं. आता पाय दुखायचे, आणि खरं सांगायचं तर मनही. पण विधानसभेच्या समितीनं प्रथमच विचारलं होतं, लोक कर द्यायला राजी आहेत का?

कृष्णप्पांनी घड्याळ पाहिलं. समिती सोमवारी बसणार, लोकांची संमती नसली तर हा विषय कायमचा बंद होणार, असं ते कानडीत सांगू लागले. माणूस वाईट नव्हता.

"साहेब, माणसं पलीकडच्या मंगल कार्यालयात आहेत," वसुमती म्हणाली. "सुनावणी तिथं घ्या."

त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले. मग छत्री उचलून म्हणाले, "सरी, ठीक आहे, चला."

प्राणेशरावांच्या हर्षिताचं लग्न होतं. अख्खी गल्ली पंगतीला बसलेली. वसुमतीला पाहताच मुलीच्या आईनं दंडाला धरून पानावर बसवलं. आधी जेव, मग काय ते बोल. शेजारी सत्यवती होती. आठ वर्षं प्रत्येक कचेरीत वसुमतीबरोबर बसनं येणारी, आपल्या घरात नाल्याचं पाणी शिरलं तेव्हा वसुमतीच्याच माडीवर निजलेली, पाठच्या बहिणीसारखी सत्यवती. तिला पाहून वसुमतीला धीर आला. प्राणेशरावांनी हात जोडून पंगतीकडे दोन मिनिटं मागितली, आणि कृष्णप्पा दोन रांगांच्या मधे उभे राहिले.

नाला साफ व्हावा असं कुणाकुणाला वाटतं, त्यांनी विचारलं. साराचे, कोशिंबिरीचे उष्टे हात भराभर वर गेले. कुणी तर दोन्ही केले. वसुमतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपली माणसं शेवटी आपलीच, असं तिला वाटलं.

मग कृष्णप्पांनी, त्यांचं कामच ते, दुसरा प्रश्न विचारला. त्यासाठी घरपट्टीवर जादा कर द्यायला कोण तयार आहे? तयार नसतील त्यांनी हात खाली घ्यावेत.

पहिला हात भाताकडे वळला, मग दुसरा. पापड मोडल्याचे आवाज आले. बघता बघता रांग पुन्हा जेवायला लागली. सत्यवतीचा हात थोडा वेळ वर राहिला, आणि मग खाली आला.

"रागावू नको गं अक्का," ती पानाकडे बघत पुटपुटली. "घर आता मुलाच्या नावावर आहे. मी कर कबूल करून आले, तर सून काय म्हणेल? मला तिथंच राहायचंय."

वसुमतीला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. नुसतं आतून रितं रितं वाटलं, आणि आईची फार आठवण आली.

तिचा एकटीचा हात वर होता. सार मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. कृष्णप्पा जवळ आले, हळूच म्हणाले, "अम्मा, हात घ्या खाली. एकानं काय होणार?"

"एक म्हणून तरी मोजा, साहेब."

त्यांनी मान डोलावली. प्राणेशराव जेवायला थांबा म्हणत असताना ते छत्री घेऊन निघून गेले.

तिलाही त्या घडीला उठून घर गाठायचं होतं. पण पंगतीतून मधेच उठता येत नाही. आणि रांगेच्या टोकाला बसलेले थोरले आचार्य अजून पायस मागत होते. तिनं कोपर पदराला पुसलं. वाढपी आला, तिच्या आणि सत्यवतीच्या पानावर पायस वाढून पुढं गेला. दोघी खाली मान घालून, सगळ्यांबरोबर उठायची वाट बघत ते खात राहिल्या.