अस्वलाने उघडलेली पेटी

गुणवंतराव मोहितकरांचा फोटो स्टुडिओ वरोऱ्याला, कापसाच्या बाजारातून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. पुढच्या खोलीत ते लग्नातल्या जोडप्यांचे आणि शाळेच्या वर्गांचे फोटो काढत. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांची बायको कमळा ते धुऊन काढी, निगेटिव्हवरचे डाग बारीक कुंचल्याने पुसून टाकी, कुणी सांगितलं तर नवरीच्या शालूला रंगही भरी. गुणवंतरावांचा जीव मात्र रानातल्या जनावरांत. सवड मिळाली की ते कॅमेरा घेऊन चितळांच्या मागे निघत आणि बहुतेक वेळा फोटोत चितळांच्या पाठी तेवढ्या घेऊन परत येत.

सत्तावन्न सालच्या सुरुवातीला बल्लारशाचे लाकडाचे व्यापारी देवशीभाई स्टुडिओत आले. त्यांचा थोरला भाऊ आफ्रिकेत, टांगानिकातल्या अरुशा गावी, मालाच्या लॉऱ्या चालवायचा. त्याला आपल्या नव्या पेढीच्या भिंतींवर तिथल्या जनावरांचे मोठे फोटो हवे होते, आणि तिथले गोरे फोटोग्राफर त्याला दारात उभं करत नव्हते.

"एक लहान गाडी आणि ड्रायव्हर दोन महिने तुमच्याकडे," देवशीभाई म्हणाले. "पावसाळ्याआधी आगबोटीत बसा. भाभींनाही घ्या बरोबर. माझी वहिनी तिकडे आपल्या माणसांची वाटच पाहत असते."

"तिले कसं नेणार?" गुणवंतराव म्हणाले. "गाडीत ड्रायव्हर अन् मी. मागची जागा तर सामानालेच लागंल."

कमळा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं. कप ठेवून तिने देवशीभाईंना एवढंच विचारलं, "भाईजी, तिथी हवा कशी हाये? कोरडी का दमट?"

देवशीभाई विचारात पडले. समुद्रावर दमट, म्हणाले, इतकी की पत्र्याच्या ट्रंकेला आठवड्यात गंज चढतो. आणि आत गेलं की लाल धूळ. नाकात, कानात, बंद कपाटातल्या कपड्यांच्या घडीतसुद्धा.

"मग फिल्म कशी टिकंल?" कमळा म्हणाली.

त्या दिवसापासून घरात दोन कामं सुरू झाली. गुणवंतराव काय न्यायचं ते ठरवू लागले. स्टुडिओतला लाकडी, भात्याचा मोठा कॅमेरा न्यायचा, कारण भिंतीएवढे फोटो करायचे तर काचेच्या मोठ्या प्लेटसारखं दुसरं काही नाही. त्याची तिपाई न्यायची. लग्नांसाठी वापरायचे तो दोन भिंगांचा कॅमेराही न्यायचा, ज्याच्यात वरून खाली पाहिलं की चौकोनी काचेवर समोरचं चित्र उमटतं. शिवाय एक लहान कॅमेरा आणि त्याची नळी. ही नळी म्हणजे मुंबईहून जुनी घेतलेली हातभर लांब लेन्स. दूरचं जनावर जवळ ओढून आणणारी. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. या सगळ्यासाठी त्यांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. आत कप्पे, कप्प्यांना फ्लॅनेल. रिकामी पेटीच दोन माणसांना भारी होती.

कमळाने दुसरं काम हाती घेतलं. तिने फिल्मचे जुने रोल काढले. एक रोल पत्र्याच्या डबीत घालून छपरावर उन्हात ठेवला. दुसरा माठात ठेवून माठाला ओलं पोतं गुंडाळलं. तिसरा डबीत, आणि ती डबी नागभीडहून माहेरच्यांनी पाठवलेल्या धानाच्या कोंड्यात खोल पुरली. मग सगळे अंधाऱ्या खोलीत नेऊन धुतले. उन्हातल्या रोलवर करडं धुकं पसरलं होतं. माठातला गार राहिला होता, पण ओल लागून त्याची वेटोळी एकमेकांना चिकटली होती. कोंड्यातला स्वच्छ निघाला.

"हे पाहा," तिने तिन्ही पट्ट्या खिडकीशी धरल्या. "कोंड्यात गरमी पोचत नाई. आता ओल अन् धूळ राह्यली."

ओलीसाठी तिने तांदूळ भाजले आणि गरम असतानाच लहान पिशव्यांत शिवून डब्यांत टाकले. भाजलेला तांदूळ ओल शोषून घेतो, हे तिने मिठाच्या बरणीत पाहिलं होतं. धुळीसाठी डब्यांची झाकणं कशाने तरी बंद करायला हवी होती. लाख लावून पाहिली, तर ती धक्क्याने तडकली. कणकेला उंदीर लागले. शेवटी तिला मेण आठवलं.

मोहर्लीच्या पलीकडे पोचू राहायचा. गुणवंतराव रानात जात ते त्याच्याच गावी. पोचू मध काढायचा, आणि मध पिळून उरलेलं पोळ्याचं मेण त्याच्या घरी टोपलीभर पडलेलं असे. निरोप गेला आणि बाजारच्या दिवशी मेणाचा पिवळा, तेलकट गोळा आला. कमळाने तो कोमट करून डब्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवत लावला. गुणवंतरावांनी नळीची दोन्ही टोकंही तिच्याकडून तशीच बंद करून घेतली. सगळ्या घराला मधाचा वास सुटला.

"आता एकदा रानात नेऊन पाहू," कमळा म्हणाली. "इथी बसून काय समजते?"

"पाहू म्हणजे? तू येऊन राह्यली का?"

"मेण म्या लावलं. सुटलं तर काऊन सुटलं, हे मलेच पाहा लागंल."

चैत्र होता. मोहाची फुलं सरत आली होती. पोचूच्या गावापर्यंत बंडीतून जाताना पेटी अशी आदळत होती की गुणवंतराव पूर्ण रस्ता तिच्यावर हात ठेवून बसले. गावात पोचूने पेटीभोवती एक फेरी मारली.

"भाऊ, या पेटीत काय नेता? घर?"

गावाबाहेरच्या बोडीजवळ, जिथे उन्हाळाभर पाणी टिकायचं, तिथे पोचूने जांभळाच्या झाडावर मचाण बांधलं होतं. दुपार कलल्यावर तिघं तिथे गेले. पेटी बंडीतून उतरली, पण मचाणावर काही चढेना. दोर लावून ओढली तर फांदी करकरली. तेव्हा ठरलं, पेटी झाडाखालीच राहू द्यावी. आधी वर बसून जागा पाहावी, मग लागेल तसं सामान एकेक वर घ्यावं. गुणवंतरावांच्या गळ्यात दोन भिंगांचा कॅमेरा होता तेवढा वर गेला.

वर बसून त्यांचा श्वास जाग्यावर येतो न येतो तोच पोचूने हात वर केला. करवंदीच्या जाळीतून फुसफुस आवाज येत होता, भात्याने निखारे फुंकावेत तसा. जाळी हलली आणि काळं, झिपरं अस्वल बाहेर आलं. ऊन अजून पिवळं होतं. अस्वलाच्या छातीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता.

ते पाण्याकडे निघालं होतं. मधेच थांबलं. नाक वर करून त्याने हवा ओढली आणि सरळ पेटीकडे वळलं.

"मेण," पोचू कुजबुजला. "माह्याच मेणाचा वास आला त्याले. मले कसं सुचलं नाई!"

कमळाने तोंडावर पदर दाबला. अस्वलाने पेटीला एक चक्कर घातली, कडी हुंगली, मग झाकणाच्या फटीत नखं घातली आणि वारूळ फोडावं तसं झाकण उचकटलं. बिजागरं किंचाळली. फ्लॅनेल बाहेर आलं, कोंडा उधळला. एक डबी पंजात धरून ते तिच्या सांध्यावरचं मेण चाटू लागलं.

"काढा ना फोटो!" कमळा म्हणाली.

गुणवंतराव भानावर आले. त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. पण या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटं दिसतं, उजवीकडचं डावीकडे. लग्नात त्याचं काही अडत नाही, कारण नवरा-नवरी जागची हलत नाहीत. अस्वल डावीकडे सरकलं, काचेत ते उजवीकडे गेलं, गुणवंतरावांनी कॅमेरा उजवीकडे फिरवला आणि काचेत नुसता जांभळाचा पाला आला. एकदा झालं, दोनदा झालं.

"कुठी गेलं? कमळा, कुठी गेलं ते?"

"तिथीच हाये. आणा इकडे."

तिने कॅमेरा घेतला. निगेटिव्ह कधी या बाजूने, कधी त्या बाजूने पाहण्यात तिची वर्षं गेली होती. डावं-उजवं तिच्या डोळ्यांना नडत नव्हतं. मचाणाच्या काठावर कोपर टेकून ती खाली वाकली. अस्वल सरकलं तसा तिचा हात सरकला. खट् झालं. अस्वलाने लक्ष दिलं नाही. तिने फिल्म पुढे सरकवली, पुन्हा खट्.

आता अस्वलाला नळी सापडली होती. ते मागच्या पायांवर फतकल मारून बसलं. दोन्ही पंजांत नळी धरून त्याने तिचं टोक तोंडात घेतलं आणि मोठा आवाज करत ते मेण चोखू लागलं.

"अगं, माही नळी," गुणवंतराव हळूच म्हणाले. पण त्यांचेही डोळे खाली खिळले होते. अस्वलाची जीभ अशी लांब असते, बसल्यावर ते असं लहान मुलासारखं दिसतं, हे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

खट्. या वेळी अस्वलाने मान वर केली. त्याचे बारीक डोळे मचाणाकडे लागले.

"हलू नका," पोचूने ओठ न हलवता सांगितलं. "हे झाडावर चढते."

कमळाचं बोट बटणावर तसंच राहिलं. अस्वल उठलं, बुंध्यापाशी आलं, सालीवर त्याने एक पंजा टेकवला. खालून त्याचा श्वास ऐकू येत होता आणि सगळीकडे मधाचा वास दरवळत होता. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. ते परत फिरलं, पेटीतली एक डबी तोंडात धरली आणि आलं तसं करवंदीच्या जाळीत शिरलं.

खाली उतरायला त्यांनी बराच वेळ घेतला. नळी दगडावर पडली होती आणि पुढच्या काचेला आरपार चीर गेली होती. मोठ्या कॅमेऱ्याच्या भात्यात नखाची चार भोकं होती. गुणवंतराव नळी मांडीवर घेऊन बसून राहिले. पोचूने कोंडा, पिशव्या, डब्या गोळा केल्या.

"आता कशाचं टांगानिका," गुणवंतराव म्हणाले.

कमळा उरलेल्या डब्या एकेक फिरवून पाहत होती. "धूळ आत गेली नाई हो," ती म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने हातातली डबी पिशवीत टाकली.

वरोऱ्याला परतल्यावर तिने तो रोल धुतला आणि त्यावरून फोटो छापायला घेतला. गुणवंतराव नेहमी पुढच्या खोलीत थांबत. त्या दिवशी ते तिच्या शेजारी उभे राहिले. लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू काळं अस्वल उमटू लागलं. आधी पंजे, मग नळी, मग तोंड. मागे उघडी पेटी, उडालेला कोंडा, बोडीचं चमकणारं पाणी.

"नळीनं काढला असता तर?" कमळाने विचारलं.

गुणवंतराव फोटोवर वाकले. "नळीनं अस्वलाचं नाक आलं असतं फक्त," ते म्हणाले. "हे सारं कुठी आलं असतं?" मग ते स्वतःशीच हसले. "पेटी वर चढली असती तर अस्वल झाडावर आलं असतं, कमळा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा कॅमेरा स्टुडिओत त्याच्या जागी लावून टाकला. भात्याला ठिगळं लावली. सागवानी पेटीत कमळाने गहू भरले. बरोबर न्यायला दोनच कॅमेरे उरले: लहान कॅमेरा त्याच्या साध्या लेन्ससह, आणि दोन भिंगांचा. दोन्ही खांद्याला अडकवता येत होते. फिल्मच्या डब्यांना आता मेण नव्हतं. कमळाने सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून झाकणांवर ताणून बसवले आणि डब्या पाण्यात बुडवून पाहिल्या. सगळं सामान एका वळकटीत आणि एका पिशवीत मावलं.

गुणवंतराव बल्लारशाला जाऊन देवशीभाईंना अस्वलाचा फोटो देऊन आले. देवशीभाई हसून हसून खुर्चीत मागे कलले. मग त्यांनी विचारलं, "अन् गाडीतली मागची जागा?"

"तिथी ती बसंल," गुणवंतराव म्हणाले. "तो कॅमेरा मले कुठी जमते? अन् मागं जागा असली काय, नसली काय, ती येणारच हाये. वळकटी बांधून तयार हाये तिची."

वैशाखात ती दोघं गेली आणि पावसाळा ऐन भरात असताना परत आली. आणलेल्या फोटोंत एक कमळाने काढलेला जिराफ होता. तिच्या चौकोनी काचेत तो काही केल्या मावेना, म्हणून तिने जागा न सोडता आधी पाय घेतले, मग पोट, मग मान आणि शेवटी ढगांतलं डोकं. घरी येऊन तिने ते सगळे मोठे करून एकावर एक चिकटवले. जिराफ स्टुडिओच्या जमिनीपासून आढ्यापर्यंत गेला. बाजाराला आलेली माणसं गाड्या सोडून तो पाहायला आत येऊ लागली.

पोचूही आला. त्याने पायांपासून वरपर्यंत पाहिलं, परत खाली पाहिलं, बाजूला होऊन वाकून पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "हे जनावर बसते कसं?"

कमळा फोटोजवळ गेली. तिने गुणवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी डोकं खाजवलं.

"दोन महिने रोज पाह्यलं," कमळा म्हणाली, "चालताना, पयताना, पाला खाताना. पण बसलेलं नाई दिसलं जी. तुमाले दिसलं का हो?"

"मले बी नाई."

"मग झोपत कसं असंल?" पोचू म्हणाला, आणि तिघंही त्या लांब पायांसमोर जमिनीवर बसून त्याचे गुडघे नेमके कुठे वाकत असतील ते बोटाने दाखवू लागली.