गुरुवारी ड्रेकमध्ये कोणी नव्हतं

आमच्या नेदर ऑल्थम गावात पब चालवणाऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे. मालकीचं त्याच्याकडे काडीचंही नसतं. भिंती कंपनीच्या, छप्पर कंपनीचं, बिअरही कंपनी पाठवेल तीच आणि ती सांगेल त्या भावाने. दारावरच्या पाटीवर मात्र नाव त्याचं, आणि संडास तुंबला की हाकही त्यालाच. आमच्या 'लेम ड्रेक' पबचे असे मालक पुष्कळ होऊन गेले. पहिला जेबेझ थर्केटल. तो दिवसा घोड्यांना नाल ठोकायचा आणि संध्याकाळी पिंप उघडायचा. घोड्याच्याच लाथेने तो गेला, मग त्याची बायको कझाया गल्ल्यावर बसली. फार चढलेल्याला ती कान धरून बाहेर काढायची, मग तो पाद्री का असेना. पुढे कोण कोण आले आणि गेले. शेवटी हॉरेस पास्क, त्याचा मुलगा लेन, आणि लेन गेल्यावर लेनची बायको मॉरीन.

मॉरीन माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं स्वयंपाकघर मी सांभाळायचे. हॅम, अंडी आणि चिप्स, रविवारी बीफ. लेननंतर एकदा तिला म्हटलं होतं, सोड हे, बहिणीकडे जाऊन राहा. तर म्हणाली, "विनी, मी वरच्या खोलीत झोपते आणि खालच्या खोलीत जगते. जाऊ कुठे?"

गावाचं ड्रेकवर फार प्रेम. नाताळच्या शुभेच्छापत्रावर ड्रेक, चर्चच्या कॅलेंडरवर ड्रेक, नव्या पाहुण्याला फिरवायला नेलं की आधी ड्रेक, तोही बाहेरून. प्रेम करायला आत यावं लागत नाही ना! आत येऊन पैसे कोण मोडणार? हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून बिअरचे डबे आणायचे आणि टीव्हीसमोर पाय पसरून प्यायचे. डबे घेऊन घरी जाताना गाडीतून मॉरीनला हातही करायचे, निर्लज्ज लेकाचे. एक गुरुवार तेवढा खरा. गुरुवारी डार्ट्सचे, म्हणजे फळीवर बाण मारायचे सामने. त्या संध्याकाळी दोन गावांचे लोक यायचे, ट्रे डोक्यावर धरून फिरावं लागायचं, आणि मॉरीनच्या गालांवर रंग चढायचा.

मग कंपनीने ड्रेक विकायला काढला. एका बिल्डरला तो पाडून तिथे दोन घरं बांधायची होती. वाचायचा मार्ग एकच होता. ही जागा गाव एकत्र येण्यासाठी खरोखर वापरतं, असं काउन्सिलने मान्य केलं तर विक्री थांबणार होती आणि पैसे जमवून तो विकत घ्यायला गावाला सहा महिने मिळणार होते. काउन्सिलचा माणूस न सांगता येऊन बघून जाणार होता. नाही म्हणाला, तर मॉरीनचा धंदाही जाणार होता आणि घरही.

पुढाकार घेतला डेस्मंड गॅदरकोलने. चर्चचा जुना कारभारी, माणूस वाईट नाही, पण स्वतःचा आवाज त्याला फार आवडतो. सोमवारी दुपारी तो ड्रेकमध्ये आला आणि उभ्याउभ्याच बोलू लागला. काही घेतलं नाही.

"मॉरीन, अगं काळजी सोड आता. ड्रेक वाचवायची सभा ठरली. आख्खं गाव येतंय."

"इथे?" मॉरीनचा चेहरा उजळला.

"इथे कुठे! गावच्या हॉलमध्ये. तिथे पडदा आहे, खुर्च्या आहेत, चहाची सोय आहे. मी ड्रेकच्या मालकांचा इतिहास सांगणार, जेबेझपासून लेनपर्यंत, चित्रांसकट. कझायाचा तर फोटो मिळालाय मला!"

"कधी आहे?"

"गुरुवारी. गुरुवारी सगळे मोकळे असतात."

मी मोरीपाशी होते, तिथूनच म्हटलं, "मोकळे कुठले रे, डेस्मंड? गुरुवारी ते इथे असतात. डार्ट्स असतात."

"तेच म्हणतोय ना मी. डार्ट्स रद्द केले की झाले मोकळे. बोललोय मी दोन्ही कप्तानांशी."

"मग मीही येते," मॉरीन म्हणाली. "बंद ठेवीन एक दिवस."

"तू नको ग येऊस, राणी. तुझ्याबद्दल तुझ्यासमोर कसं बोलायचं? तुलाच अवघडल्यासारखं होईल."

आमच्या लोकांचं हे असं आहे. घर जळत असेल तरी शेजाऱ्याला उठवणार नाहीत, त्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून. आणि मॉरीनही आमच्यातलीच. ती म्हणाली, "थँक्यू डेस्मंड, फार करतोस तू." माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते त्याच्या तोंडावर फेकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गुरुवारी सातला मॉरीनने शेकोटी पेटवली, दिवे लावले, डार्ट्सची फळी पुसून ठेवली. सवयीने. आम्ही दोघी आणि तिचा म्हातारा कुत्रा. साडेसातला एक परका तरुण आला. रेनकोट, ओले बूट, नम्र. त्याने अर्धा ग्लास बिअर घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"शांत आहे आज."

"आज हो. एरवी गुरुवारी इथे पाय ठेवायला जागा नसते."

"अच्छा. मग गेले कुठे सगळे?"

"हॉलमध्ये. व्याख्यान आहे."

"कशावर?"

"ह्याच पबवर," मॉरीन म्हणाली.

तो मोकळेपणाने हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. "झकास," म्हणाला. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो साहेब, थट्टा नाही, खरंच—" तर मॉरीनने माझा दंड दाबला. परक्यापुढे गावाची गाऱ्हाणी तिला आवडायची नाहीत. त्याने ग्लास संपवला, कुत्र्याला थोपटलं आणि गेला. तो कोण होता ते आमच्या डोक्यातही आलं नाही.

नऊला सभा सुटली. खिडकीतून आम्हाला टॉर्च दिसले, हसणं ऐकू आलं. मॉरीन बिअरच्या नळापाशी जाऊन उभी राहिली, सगळे येतील म्हणून. एकही आला नाही. चहा आणि बिस्किटांनी पोटं भरली होती ना.

डेस्मंड मात्र खुशीत होता. भरलेल्या हॉलचा फोटो त्याने दुसऱ्याच दिवशी काउन्सिलला पाठवला. गावाचं ड्रेकवर किती प्रेम आहे ते बघा म्हणून. महिन्याने निकाल आला. पाहणीच्या संध्याकाळी पबमध्ये पाहणी करणाऱ्याखेरीज गिऱ्हाईक नव्हतं. त्याच वेळी गाव मोठ्या संख्येने हॉलमध्ये जमलं होतं, हे गावानेच पाठवलेल्या फोटोत दिसतं. सबब नेदर ऑल्थमकडे एकत्र येण्यासाठी चांगली, वापरात असलेली जागा आहे. पबची गरज सिद्ध होत नाही.

डेस्मंड म्हणाला, "काउन्सिलला भावनाच नाहीत."

वसंतात ड्रेकला पत्रे ठोकले. मॉरीन तालुक्याच्या गावी एका खोलीत गेली. खाली लाँड्री, दिवसभर घरघर. कुत्रा तिथे चालत नव्हता, तो माझ्याकडे आला. ती कधी रडली नाही. तसं मला दिसलं तरी नाही.

वर्षभराने लोकांच्या आग्रहास्तव डेस्मंडने तेच व्याख्यान पुन्हा ठेवलं, पुन्हा हॉलमध्ये. या खेपेला मॉरीनला बोलावणं होतं. आता अवघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ नकोस, बये." ती निळा कोट घालून आली आणि पहिल्या रांगेत बसली. जेबेझ झाला, कझाया झाली, हॉरेस झाला, लेन झाला. मग पडद्यावर नळापाशी हसणारी मॉरीन आली आणि डेस्मंड गहिवरून म्हणाला, "आणि ही आपली शेवटची मालकीण!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "दोन शब्द बोल, मॉरीन!"

ती पुढे गेली. एकेका चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं.

"रॉजर, तू कडू बिअर घ्यायचास. शेवटची घेतलीस तुझ्या नातवाच्या बारशाला. आयव्ही, तुझी शेरी. छप्पर गळत होतं तेव्हाची गोष्ट ही. नॉर्मन, तू एकदा पाऊस लागला म्हणून आत आलास आणि पाणी मागितलंस. मी दिलं."

आधी लोक हसले. मग हसणं एकेका खुर्चीवरून विझत गेलं. ती रांगेमागून रांग घेत होती, सावकाश, आवाज न चढवता, आणि नाव पुकारलं की माणूस मांडीवरच्या बशीकडे बघत होता. शेवटी ती डेस्मंडकडे वळली.

"डेस्मंड, तुझी माइल्ड बिअर. शेवटची प्यायलास लेनच्या मयताच्या दिवशी. त्या दिवशी सगळ्यांना फुकट होती."

तिने कोटाची बटणं लावली आणि मला म्हणाली, "चल विनी, बस चुकेल."

आम्ही निघालो. कोणी दार उघडायला उठलं नाही. मला आनंद झाला, लपवून काय करू? बसमध्ये मात्र तिने माझा हात धरला, आणि तो लाँड्री येईपर्यंत सोडला नाही.