छत्तीसची कंबर

मास्तरांनी तीस वर्षं किकबॉक्सिंग शिकवलं आणि त्या तीस वर्षांत स्वतः एकदाही गार्ड घातला नाही. शिकायला येणाऱ्यांना मात्र जांघेचा गार्ड बांधल्याशिवाय ते मॅटवर पाऊल ठेवू देत नसत. "आणि तुमचं काय मास्तर?" असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "माझ्यापर्यंत कुणाची लाथ पोचली, की त्या दिवशी घेईन." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्यांची बायको त्यांना तोंडावर सुनवायची. हॉलमधली सगळी मंडळी तिला काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू.

लाथ काही पोचली नाही, दुखणं पोचलं. वृषणात गाठ निघाली, एक बाजू काढून टाकावी लागली, आणि पुढे चार महिने सलाइनमधून औषध चढत राहिलं. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई कागदावरून नजर उचलून म्हणाल्या, "सगळं स्वच्छ आहे. खेळायला लागा. पण गार्डशिवाय एक दिवससुद्धा नाही. उरलेल्याला मार बसला, तर मॅट कायमची विसरायची."

दवाखान्याच्या जिन्यात मास्तर म्हणाले, "ऐकलंस ना? आता एकुलता एक आहे. लाडाकोडात वाढवला पाहिजे."

काकू हसल्या, पण जिना उतरेपर्यंत त्यांनी नवऱ्याचं कोपर सोडलं नाही. मॅट कायमची विसरायची म्हणजे काय, ते त्यांनी बघितलं होतं. चार महिने हा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता आणि दिवसेंदिवस मुका होत चालला होता. आधी विनोद थांबले, मग तक्रारी थांबल्या. मास्तरांची तक्रार थांबली तेव्हा काकू पहिल्यांदा घाबरल्या. आज "खेळायला लागा" ऐकून माणूस पुन्हा बोलायला लागला होता. ते बोलणं टिकवायचं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. काउंटरवर एक मुलगी होती, फार तर बावीस-तेवीसची. तिला पाहताच मास्तरांना अचानक हातमोज्यांमध्ये भारी रस वाटायला लागला. शेवटी काकूच म्हणाल्या, "जांघेचा गार्ड दाखवा, यांच्यासाठी."

मुलीने तीन गार्ड काउंटरवर मांडले. लाजणं नाही की मुरकणं नाही, भाजीवाली वांगी दाखवते तशी ती ते दाखवत होती. "हा पोलादी वाटीचा, मागे नाड्यांनी बांधायचा. दणकट आहे, पण बांधायला दुसरं माणूस लागतं. हा प्लास्टिकच्या वाटीचा, रुंद इलॅस्टिकचा, कडेला रबर आहे. आणि ही चड्डीच आहे, पुढच्या खिशात वाटी घालायची. कुठलाही घ्या काका, पण घट्ट बसला पाहिजे. कड अंगाला चिकटून राहिली तर मार हाडावर वाटला जातो. सैल असला तर नसलेलाच बरा. वाटी सरकते, आणि लाथेबरोबर तिचीच कड आत घुसते. कंबर किती?"

"छत्तीस," मास्तर म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खणातून टेप काढली. "मोजून घेऊ या? बरेच जण उगाच मोठा साइज मागतात. का, ते मला विचारू नका."

मास्तर खो-खो हसले. "अगं पोरी, शिवणकाम करणारीचा नवरा आहे मी. माझी कंबर मला माहीत नसेल? हिलाच विचार."

मुलीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी हातातलं दोरीउडीचं पाकीट उलटंसुलटं केलं, जागेवर ठेवलं, आणि म्हणाल्या, "छत्तीसच."

आता इथे थांबून खरं काय ते सांगायला हवं. दुसऱ्या खेपेच्या औषधानंतर एका सकाळी मास्तर न्हाणीघरातून पँट मुठीत धरून बाहेर आले होते. पँट घसरत होती. त्यांच्या तोंडावर तेव्हा जी भीती होती, ती काकूंनी तीस वर्षांच्या संसारात पाहिली नव्हती. दुपारी मास्तरांचा डोळा लागल्यावर त्यांनी कपाटातल्या पाचही पँटी काढल्या, मागची शिवण उसवली आणि इंच-इंच आत घेतली. तीन आठवड्यांनी पुन्हा. मग पुन्हा, आणि पुन्हा. चड्ड्यांचं इलॅस्टिक बदललं, सदऱ्यांना बाजूने टीप मारली. एरवी मुके बसलेले मास्तर भेटायला येणाऱ्यांना मात्र छाती काढून सांगायचे, "रोगाची काय बिशाद! पँट बघा, तश्शीच बसते. छत्तीस म्हणजे छत्तीस!" येणारे त्यांच्या वाळलेल्या मानेकडे बघून मान डोलवायचे, आणि काकू मशिनला तेल घालायला उठायच्या. त्या मशिनला इतकं तेल जन्मात मिळालं नव्हतं. ही फसवणूक होती का? होती. पण असल्या फसवणुकीला शिक्षा करायची म्हटलं, तर निम्म्या बायकांना तुरुंगात टाकावं लागेल, आणि मग त्यांच्या नवऱ्यांना जेवायला कोण घालणार?

तर, मोठ्या साइजचा इलॅस्टिकवाला गार्ड घरी आला.

सोमवारी संध्याकाळी मास्तर हॉलमधून परत आले ते पाय फाकवत. "काही नाही गं, जरा घासलं." दुखणं अंगावर काढायची सवय काही औषधाने जात नाही. काकूंनी दार लावलं, दिवा लावला आणि पाहिलं. मांडीच्या आतल्या बाजूला काळानिळा चंद्रकोरीसारखा वण उठला होता, अगदी वाटीच्या कडेच्या आकाराचा. तो जिथे संपत होता, तिथून पुढे दोन बोटांचं अंतर राहिलं होतं. फक्त दोन बोटं.

"पहिलवानाची लाथ," मास्तर म्हणाले. पहिलवान म्हणजे हॉलमधला सगळ्यात काटकुळा गडी, पोस्टात टपाल वाटणारा. "हळूच मारली होती बिचाऱ्याने. गार्डच भिकार निघाला. वाटी अशी फिरली! उद्या जातो आणि त्या पोरीला चांगला झापतो. एवढी बडबड केली आणि माल हा असला दिला."

ते अंघोळीला गेले. काकूंनी गार्ड उचलला आणि सवयीने मशिनपाशी नेला. इलॅस्टिक दोन ठिकाणी दीड-दीड इंच आत घेतलं की काम झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी उसवणी हातात घेतली, टाका शोधला, आणि हात तिथेच राहिला. आत घ्यायचं, पण किती? पँट अंदाजाने आत घेतली होती. चुकलं तर एखादी चुणी पडणार होती, बस. इथे चुकलं तर? गेल्या पाच महिन्यांत त्यांनी नवऱ्याच्या अंगाला टेप लावली नव्हती. आकडा बघायची हिंमत झाली नव्हती. आणि आता त्यांच्या एका "छत्तीसच"पायी माणूस दोन बोटांवरून वाचला होता, वर त्या गुणी पोरीला उद्या फुकट बोलणी बसणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मास्तर टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तेव्हा काकू टेप घेऊन उभ्या होत्या.

"गार्ड चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तुमची कंबर छत्तीस नाहीये."

"म्हणजे?"

"मी पँटी आत घेत होते. तुम्ही झोपलात की."

मास्तर वळले. कपाटापाशी गेले, एक पँट काढली, उलटी केली आणि दिव्याखाली धरली. मागच्या शिवणीशेजारी उसवलेल्या टिपांची बारीक भोकं होती. एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, मग चौथी. ते एकेका ओळीवरून अंगठा फिरवत राहिले.

"मी गावभर सांगत सुटलो होतो," ते म्हणाले. "छत्तीस म्हणून."

"हो."

"आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"हो."

"दुकानातसुद्धा?"

"तिथे बोलायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही इतक्या दिवसांनी हसला होतात. माझं तोंडच उघडेना. चुकलं माझं. रागवायचं तर रागवा."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. पँट मांडीवर घेऊन पुन्हा सुलटी केली. मग म्हणाले, "अगं, रोज सकाळी आरशात बघितलं की वाटायचं, हा कोण म्हातारा? आणि पँट चढवली की वाटायचं, नाही, आहोत अजून आपण. त्या पँटीवर दिवस काढले मी."  ते उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, अंगरखा चढवून घेणाऱ्या पोरासारखे. "मोज. आणि खरं सांग."

काकूंनी खाली बसून टेप कमरेभोवती फिरवली. मोजल्यावर उरलेली टेप हातातून लोंबत खाली गेली, आधी कधी गेली नव्हती तेवढी. "एकतीस," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "साडेएकतीस म्हणा हवं तर."

"नको. एकतीस तर एकतीस."

काकूंनी कपाळ त्यांच्या पोटाला टेकवलं. मास्तरांनी वरचे हात खाली घेतले ते तिच्या केसांवर.

दुकानातल्या मुलीला दुसऱ्या दिवशी बोलणी बसली नाहीत. "चूक आमची," मास्तर म्हणाले आणि स्वतःच हात वर करून टेपसमोर उभे राहिले. मधल्या साइजचा गार्ड घालून त्यांनी मुलीच्या हुकमावरून कपडे बदलायच्या खोलीत बैठका मारल्या, उड्या मारल्या, हवेत गुडघे उचलले. वाटी जागची हलली नाही. मग पँटवरूनच त्यांनी बोटाच्या पेराने ठकठक केलं. पडद्याबाहेरून काकू म्हणाल्या, "अहो, दार वाजवताय की काय?" आणि ती मुलगी, जी इतका वेळ गंभीर होती, काउंटरखाली तोंड लपवून हसली.

गुरुवारी काकू बऱ्याच वर्षांनी हॉलमध्ये गेल्या आणि भिंतीकडेच्या बाकावर, इतरांच्या पिशव्या नि बूट सरकवून, बसल्या. मास्तरांनी सगळ्यांना गोल उभं केलं. "तीस वर्षं मी तुम्हाला एक सांगितलं आणि स्वतः दुसरं केलं," ते म्हणाले. "तो शुद्ध मूर्खपणा होता. मला काय झालं होतं, ते तुम्ही कुजबुजताय, म्हणून सांगतो. मी आता एकांडा शिलेदार आहे. माझी कंबर एकतीस आहे. गार्ड कमरेच्या मापाने घ्यायचा, मिजाशीच्या मापाने नाही. ज्यांनी मोठा घेतलाय, त्यांनी उद्या बदलून आणा." दोन-तीन आडदांड गडी छताकडे बघायला लागले.

मग ते पहिलवानासमोर उभे राहिले. पहिलवान घाबरून लांबूनच पाय हलवत होता. "अरे, टपाल टाकतोस की लाथ मारतोस?" मास्तर ओरडले. पहिलवानाने डोळे मिटून पाय उचलला, आणि तो नको तिथेच गेला.

ठक्!

 मास्तर पुढे वाकले, दोन्ही हातमोजे गुडघ्यांवर टेकवले. काकू उभ्या राहिल्या, त्यांच्या मांडीवरची कुणाची तरी पिशवी खाली पडली. एक श्वास, दोन श्वास. मग मास्तर सरळ झाले, कंबर डावी-उजवी फिरवून बघितली, आणि म्हणाले, "काही नाही रे. जोर आहे की तुझ्यात!"

काकू मटकन बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. गाठ सापडली तेव्हा, ऑपरेशनच्या दाराशी, उशीवरचे केस गोळा करताना, तेव्हा कधी जे आलं नव्हतं, ते सगळं आता त्या वीस-पंचवीस घामट माणसांसमोर आलं. मास्तर धावत आले. मोज्यांच्या हातांनी डोळे पुसता येईनात, नुसतंच तोंडभर मोजा फिरला.

"अगं, लाथ मला बसली आणि रडतेस तू?"

"बसली ना," काकू हुंदके देत म्हणाल्या. "बसली, आणि तुम्ही उभे आहात."

 मास्तरांनी मान वळवून सगळ्यांना पंचवीस बैठका मारायला सांगितल्या आणि तिचं रडून होईपर्यंत बाकावर तिच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिले. पंचवीस पुरल्या नाहीत. आणखी पंचवीस सांगाव्या लागल्या.