रंजूचा बोर्ड, आसारामचं डांबर

रंजूला बोर्ड निवडायचा होता, आणि बाप्पा, नवरदेव निवडायलाही कुणी एवढा वेळ लावला नसेल! अंगणात बाजेवर तीन बोर्ड मांडलेले. हिची त्यांच्याभोवती उठबस चाललेली, आणि चुलीवरचा चहा उतू जाऊन आईच्या शिव्या खाऊनही हिचं लक्ष नाही.

आंधळगावच्या बाजारात तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हात दुरुस्तीत, जीव मात्र रोबोटमध्ये. गेल्या वर्षी तिने काळ्या रेषेवरून धावणारी गाडी केली. ती मोडून धानावरची पाखरं हाकलणारा हात केला. आता तो मोडून होडी करायची होती. म्हणून बोर्ड, म्हणजे रोबोटचा मेंदू असलेली सर्किटची पट्टी, तोही असा हवा, की आज पाण्यात, उद्या जमिनीवर, परवा कुठे तिलाही ठाऊक नाही, पण सगळीकडे चालला पाहिजे.

या खेपेला मात्र नुसता खेळ नव्हता. तिचा बाप आसाराम गावच्या तलावातला मासेमार. मासोळ्यांना कोंडा आणि ढेपेचे गोळे टाकायची पाळी घराघराने फिरते, आणि येत्या रविवारपासून ती यांच्या घरी येत होती. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, सोसायटीचा आणि फक्त जाळं टाकायला मिळायचा; गोळे टाकायला छातीभर पाण्यात उतरावं लागायचं. आसारामला साखरेची बिमारी, तळपायाला न भरणारी जखम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाय पाण्यात घातला तर पाय जाईल. रंजू म्हणाली, मी उतरते. तिची आई रेवताबाई म्हणाली, मी उतरते. आसाराम दोघींवर खेकसला.

"मी जित्ता असताना बायकायले छातीभर पाण्यात धाडू काय? पाळी माही हाये, मीच जाईन."

हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने! तर होडी चालली तर पाय राहणार, नाही चालली तर हा पाण्यात उतरणार, इतकी सरळ गोष्ट होती.

चिखल्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन असलेला सुगत, रंजूचा आयटीआयपासूनचा दोस्त, मोटारसायकल लावून आला आणि आल्या आल्या त्याने बाजेवरचा उनो नावाचा बोर्ड उचलला.

"हाच घे. पाच व्होल्टवर चालते. काहीही जोड, सहजासहजी जळत नाही."

"अन् वायफाय कुठं हाये त्याच्यात?"

"ब्लूटूथ जोड ना बाजूले."

"जोडून पाह्यलं. तलावाच्या पारीवर, बांधावर उभी राहून पाह्यलं. वीस पावलांत तुटते. गोळे टाकाचा पाण्यातला खांब चाळीस पावलांवर हाये."

"मंग हा पिको?"

"चांगला हाये, स्वस्त हाये. पण हा जुना, याच्यातही वायफाय नाही."

उरला तिसरा, ईएसपी-३२. दोन बोटांएवढा, पण वायफाय, ब्लूटूथ दोन्ही पोटात. तारा जोडायच्या पिना भरपूर. आणि रंजू ज्याच्यावर खरी भाळली होती ते हे, की नवा प्रोग्रॅम तार न जोडता हवेतूनच पाठवता येतो.

"नाजूक हाये तो," सुगत म्हणाला. "तीन पॉइंट तीन व्होल्टचा. दिवाळीत एक कोणं जाळला? सेन्सरची पाच व्होल्टची तार सरळ खुपसली अन् धूर!"

रंजूला ते झोंबलं. "जाळला म्हणूनच शिकली ना! आता मधात रेझिस्टर लावते मी. हाच घेऊन राहिली, जा!" आणि तिने बोर्ड ओढणीच्या टोकात असा गुंडाळला, की आता कुणी मागितला तर चावेल.

तीन दिवसांत होडी तयार झाली. खाली थर्माकोल, कडेला पाइप, मागे दोन मोटारी, वर गोळ्यांचा डबा, आणि बोर्ड एका प्लास्टिकच्या टिफिनमध्ये. शुक्रवारी अंगणातल्या टाक्यात होडी सरळ गेली, तेव्हा रंजू एवढी ओरडली की शेजारची कुंताबाई लाटणं घेऊन धावत आली.

शनिवारी दुपारी ती बॅटरी आणायला बाजारात गेली. आणि इथे आसारामला सुचलं! त्याने टिफिनच्या झाकणाची फट पाहिली. पाणी शिरणार म्हणजे शिरणारच. जन्मभर डोंग्याच्या फटी बुजवलेला माणूस तो. तारा काढल्या, डबा पुसला, तारा परत खोचल्या, आणि डोंग्याला लावून उरलेलं डांबर मनापासून आत ओतलं.

रंजू आली, झाकण उघडलं, आणि मटकन खाली बसली.

"बाबा! काय केलं हे!"

"पक्कं केलं. आता पाण्याचा थेंब शिरत नाही."

केबल जोडायचं भोकसुद्धा दिसत नव्हतं. तिला रडूच फुटलं. तसंच रडत रडत तिने बॅटरी लावली, आणि मोबाईलवर बोर्डाचं नाव आलं. जिवंत होता! डांबरातून वीज थोडीच जाते, की काही जळेल! तिने आनंदाच्या भरात मोटारी फिरतात एवढंच पाहिलं. कुठल्या बाजूला फिरतात, ते कोण पाहणार!

रविवारी सकाळी पारीवर अर्धं गाव. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष तेजरामही आलेला. होडी पाण्यात सोडली. ती ढकलल्याच्या जोराने चार पावलं वाकडीतिकडी गेली आणि जागच्या जागी गरगरायला लागली.

"आसाराम, तुही होडी तं परदक्षिणा घालून राहिली ना बा!" तेजराम म्हणाला, आणि सगळी पार खदखदली.

आसाराम हसला नाही. त्याने चप्पल काढली आणि पायाची पट्टी सोडायला घेतली. "राहू दे बाई. मी जाऊन येतो."

"बाबा, तारा काढल्या होत्या काय तुम्ही?"

"काढल्या. दोन्ही लालच होत्या. जशा जमल्या तशा लावल्या."

म्हणजे एक मोटार उलटी, आणि तिचं टोक डांबराखाली. "खरवडाले दिवस जाईन," सुगत पुटपुटला. पण रंजूने लॅपटॉप उघडलाही होता. तार उलटी, तर प्रोग्रॅम उलटा करायचा! डाव्या मोटारीची एक ओळ तिने बदलली आणि पाठवून दिली. होडी थांबली. दहा टक्के. चाळीस. सत्तर. सत्तरवर अडकली.

आसाराम घाटाच्या शेवटच्या पायरीवर. पाणी वीतभर खाली.

"बाबा, पाय टाकला तं मी बोलणार नाही तुमच्याशी, कधीच नाही!" तिचा आवाज चिरकला.

ऐंशी. शंभर.

होडीने एक झटका घेतला आणि निघाली, सरळ, थेट खांबाकडे. काय ओरडली म्हणता पार! सुगत तर नाचलाच. खांबाजवळ गोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं, गोळे पडले, आणि क्षणभराने पाणी उसळलं. रोहू, कतला, मिरगल, पाठीवर पाठी.

रंजूने बापाकडे पाहिलं. तो पायरीवरच उभा होता, हातात सुटलेली पट्टी, तोंड उघडं.

"तीस वर्सं झाली खाऊ घालून," तो म्हणाला. "मी पाण्यात असलो का एक जवळ येत नाही. पाठ फिरवली का मंग खातेत, पारीवर येईस्तो सारं संपून जाते. खाताना आज पाह्यलं."

रंजूने डोळे पुसले आणि होडी परत बोलावली. "अजून एक खेप धाडू काय?"

"धाड," आसाराम म्हणाला, आणि पायरीवरून वर येऊन पारीवर मांडी घालून बसला.