न थांबणारा रथ आणि न गाणारा डाहुक

मित्रांनो, मी ओडिशातल्या एका लहानशा गावचा जुना रथ आहे. आषाढात जगन्नाथाला मावशीच्या घरी पोचवायचं, हे माझं काम. एरवी वर्षभर शेळ्या माझ्या सावलीत रवंथ करत बसतात.

मी नुसत्या दोरांनी हलत नाही. डाहुक माझ्यावर उभा राहून वात्रट गाणी म्हणतो, लोक खदखदून हसतात आणि त्या भरात मला ओढतात.

त्या वर्षी मात्र आमचा डाहुक दैतारी तोंडाला कुलूप लावून उभा होता. त्याच्या मुलीला, कुनीला, आपल्या मुलासाठी बघायला कटकचे प्राध्यापक नंदबाबू आले होते. मुलाचे वडील समोरच्या ओसरीवर, आणि त्यांच्यापुढे असलं गाणं? सोयरीक गेलीच म्हणून समजा!

व्हायचं तेच झालं. सेबतीच्या छेनापोड मिठाईच्या दुकानासमोर माझं डावं चाक चिखलात रुतलं. सूर्य कलला. अंधार पडला की मला ओढत नाहीत, देवाला रस्त्यातच मुक्काम.

नंदबाबू तेवढ्यात रंगात आले होते. "इंग्रजीत अगडबंब, वाटेत येईल ते चिरडत जाणाऱ्या गोष्टीला 'जगरनॉट' म्हणतात. तो शब्द आपल्या जगन्नाथावरून आला! गोऱ्या प्रवाशांनी पुरीचा रथ पाहिला, घाबरले आणि घरी जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं. कोणाच्या बापासाठीही न थांबणारा!"

"न थांबणारा होय?" सेबती म्हणाली. "मग बाबू, तेवढं त्याला सांगा. केव्हाचा माझं दुकान अडवून बसलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गर्दीतून कुनी ओरडली, "बापा, गा! माझ्या लग्नापायी आपला काळिया जगन्नाथ रस्त्यावर झोपणार का?"

"अगं, पाहुणे बसलेत..."

"हे गेले तर दुसरे येतील!"

दैतारीने डोळे मिटले आणि थेट प्राध्यापकांच्या मिशीवर गाणं रचलं. शब्द विचारू नका, तुम्ही लहान आहात. मग नंदबाबूंना असं हसू फुटलं की तोंडातलं पान बाहेर आलं. सगळी आळी हसली, दोर ताणले गेले आणि मी चिखलातून सुटलो.

नंदबाबू ओसरीवरून उतरून दोराला भिडले होते. धापा टाकत ते वर बघून ओरडले, "व्याहीबुवा, दुसरं कडवं कुठंय?"

दैतारीला रडू आवरेना. रडत रडतच त्याने पहिल्याहून वाईट कडवं म्हटलं, आणि मी उजेडातच मावशीकडे पोचलो.

मित्रांनो, इंग्रजीतल्या त्या शब्दाला खुशाल घाबरा. मला एकट्याला मात्र वीतभरही सरकता येत नाही. तेव्हा माझ्या आसाला तेल घालत जा, आणि पाहुणे आले म्हणून गाणाऱ्याला गप्प बसवू नका.