नादबाबांचा ढोल आणि कापसाची गादी

त्या दिवशी हॉलमध्ये टाचणी पडायला जागा नव्हती. पडली असती तरी निम्म्या लोकांना ती ऐकू आली नसती, कारण नादबाबा बहिऱ्यांना कान देणार होते.

लाकडी फळ्यांचा उंच मंच, त्यावर माणसाच्या छातीएवढा ढोल आणि ढोलामागे पांढऱ्या झग्यातले नादबाबा. मी शिवणकाम करणारी बाई, माझी नजर आधी शिलाईवर गेली. बाबांची उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं लांब होती. ज्याला स्वतःच्या बाह्या सारख्या करून घेता येत नाहीत तो लोकांचे कान काय सारखे करणार, असं मी म्हटलं; पण मनातल्या मनात. शेजारी भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हात जोडून बसले होते.

"कान म्हणजे खिडकी!" बाबा गरजले. "खिडकीला गंज चढला म्हणून भिंत फोडता? डॉक्टर फोडतात!"

टाळ्या.

"पादत्राणं काढा! नाद तळव्यातून चढतो, पोटरीत विसावतो, गुडघ्यात विचार करतो आणि कानात प्रकटतो!"

गुडघ्यात विचार करणाऱ्यांची चांगली सोय झाली, असं मला वाटलं. पण तेवढ्यात माझी ताई अनवाणी मंचावर चढली आणि माझी थट्टा घशातच राहिली.

ताईला ढोलाकडे पाठ करून उभं केलं. ढोल वाजला की हात वर करायचा. धुम्म! ताईचा हात वर. धुम्म! पुन्हा वर. मग बाबा तिच्या समोर आले आणि विहिरीएवढं तोंड उघडून म्हणाले, "आ-लं ऐ-कू?"

"आलं!" ताई म्हणाली.

हॉल दणाणला. भावोजी रडले. खरं सांगायचं तर मीही रडले. बहीण आहे माझी.

आमचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. ताई कापते नि शिवते, मी मापं घेते, बटणं लावते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. बोलायचं काम पूर्वी तिचंच होतं. नऊ वर्षांपूर्वी तिचे कान जायला लागले. आधी एक यंत्र लावलं, मग दोन, आणि पुढे दोन्ही यंत्रं नुसती ओरडायची, शब्द काही कळायचा नाही. पण ताईने कधी "ऐकू आलं नाही" म्हणून कुणाला त्रास दिला नाही. ती मान हलवायची. गिऱ्हाईक म्हणे "पट्टी नको", ताई हलवी मान आणि लावी पट्टी. अशा होकारांतून जन्मलेल्या कपड्यांचं आमच्याकडे एक अख्खं कपाट आहे. त्यात पाच खिशांचा एक परकर आहे. कुणी मागितला होता, देव जाणे.

शेवटी कान तपासणारी एक शहाणी मुलगी भेटली. ती ताईला कागदावर चित्र काढून म्हणाली, "काकू, आवाज पकडणाऱ्या आतल्या बारीक पेशी गेल्यात. बाहेरून कितीही दार वाजवलं तरी उघडायला आत कुणी नाही. इम्प्लांटची बारीक तार आतल्या कानात बसवायची, ती थेट नसेला निरोप देते."

"मग पहिल्यासारखं ऐकू येईल?" भावोजींनी विचारलं.

"पहिल्यासारखं नाही. सुरुवातीला विचित्रच वाटेल. महिनोन् महिने सराव लागेल आणि सगळ्यांना सारखा फायदा होत नाही. पण फार लांबवू नका. न ऐकण्याची सवय मेंदूलाही लागते."

ऑपरेशनला मंगळवार ठरला. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात हे बाबा उगवले.

"एका ढोलात काम झालं," भावोजी घरी आल्यावर म्हणाले. "ती मुलगी म्हणे महिनोन् महिने! आणि बाबांनी बजावलंय, कानात तार गेली की नाद रुसतो. रविवारी बाबांचा सत्कार आहे, सोमवारी मी दवाखान्यात फोन करून नाही म्हणून कळवतो. काय गं?"

ताईने मान हलवली. ती कशाला हलवत नव्हती!

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या भिंतींवर ताईचा फोटो लागला. खाली मोठ्या अक्षरांत, 'नादकन्या'. नादकन्येचं वय पंचावन्न. मी तिला मागून हाक मारली, नादकन्या मशिन चालवत राहिली. मी मोठी कात्री फरशीवर आपटली, तरी ढिम्म.

मग ती एकदम थांबली. "बॉबिनमधला दोरा संपत आलाय," म्हणाली.

मी समोर जाऊन ओठ नीट हलवत विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तळव्याला कळतं ना. पायडलची थरथर बदलते. सुई अडखळली तरी मला पायालाच आधी..."

वाक्य अर्धंच राहिलं. घरचाच माणूस चोर निघावा तशी ती आपल्या पायाकडे बघत राहिली.

"ढोलही असाच कळला?"

"असाच." ती पुटपुटली. "फळ्या केवढ्या थरथरत होत्या गं."

"मग 'आलं' कशाला म्हणालीस?"

"बाबांचे ओठ वाचता आले. आणि सगळे किती आशेने बघत होते! तो माणूस तर घामाघूम झाला होता बिचारा. नाही म्हणायला कसंतरीच वाटलं."

मला हसावं की तिला जवळ घ्यावं कळेना. दोन्ही केलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

ताईने आम्ही काजं-बटणं करायला बसतो त्या जाड कापसाच्या गादीकडे बोट दाखवलं.

रविवारी गादी डोक्यावर घेऊन भावोजीच हॉलमध्ये गेले. ती बाबांना भेट द्यायचीय अशी त्यांची समजूत होती आणि आम्ही ती मोडली नाही.

मंचावर बरे झालेले अकरा जण हार घालून उभे होते. ताईने गादी मंचावर पसरून माईक हातात घेतला. "बाबा, आम्ही अकरा जण या गादीवर पाठ करून उभे राहतो. तुम्ही वाजवा."

बाबांचा हसरा चेहरा उसवला. "बाळ, नाद कापसात अडकतो."

पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई ओरडल्या, "अहो, कापूस पायाखाली घातलाय, कानात नाही! वाजवा की!"

हॉल म्हणाला, वाजवा. बाबांचा निरुपाय झाला. अकरा माणसं एकमेकांना धरून गादीवर कशीबशी मावली. धुम्म! एकच हात वर गेला. त्या गृहस्थांची टाच गादीबाहेर आली होती. ताईने ती आत ओढली. धुम्म! कुणीच नाही. बाबांनी झग्याच्या बाह्या सरसावल्या, उजवी जरा जास्त, आणि असे तुटून पडले की छताची पोपडी निघाली. ऐकू येणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. गादीवरची अकरा जणं बसची वाट बघत असल्यासारखी शांत.

ताईने मान जराशी वळवून विनम्रपणे विचारलं, "बाबा, सुरू कधी करताय?"

हॉल जो हसला!

ताई मात्र हसत नव्हती. हार काढून ती म्हणाली, "त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. ढोल पायाला कळला, प्रश्न ओठांवरून कळला आणि मी हो म्हणाले. नऊ वर्षं मी सगळ्यांना होच म्हणतेय. लाज वाटते हो नाही म्हणायला." टाच बाहेर आलेले गृहस्थ तिच्याकडे बघत होते. ओठ वाचून त्यांनी हळूच आपला हार काढला. मग शेजारणीने. शेवटी अकरा हार गादीवर पडले.

"गादी अशुद्ध आहे!" असं म्हणत बाबा मागच्या दाराने गेले. हल्ली ते दुसरीकडे गुडघे बरे करतात म्हणे. अनुभव आहेच.

भावोजींनी गादी डोक्यावरून परत आणली. घरी आल्यावर त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ताईपुढे सरकवलं: 'मंगळवारी किती वाजता निघायचं?'

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी इम्प्लांट सुरू केलं, तेव्हा भावोजी गहिवरून म्हणाले, "कशी आहेस?" ताईने विचारलं, "हे डब्यात अडकलेलं बदक कोण?"

भावोजींचा चेहरा पडला. पण त्या मुलीने आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. रोज मी कपडे बदलायच्या पडद्यामागे उभी राहून तिला वीस शब्द वाचून दाखवायचे. ओठ दिसायचे नाहीत, पाय गादीवर. पहिल्या महिन्यात तीन बरोबर आले. आठव्यात चौदा. गर्दीत अजून गोंधळ होतो आणि गाणं भांडी घासल्यासारखं वाटतं. जे आहे ते असं आहे, मी वाढवून सांगत नाही.

परवा ताई मशिनवर बसली होती, पाठ दाराकडे. एक गिऱ्हाईक मागून काहीतरी बोललं. मी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच ताई न वळता म्हणाली, "नाही, नीट ऐकू आलं नाही. परत सांगा."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

"गळ्याला पट्टी नको म्हटलं."

"नको ना? नाही लावत."

एवढंच. हॉल दणाणला नाही.

तुमच्याकडे कुणी चमत्कार घेऊन आलं तर भांडू नका. पाठ फिरवा, पायाखाली गादी घाला आणि म्हणा, परत वाजवा. खऱ्या गोष्टीला परत वाजायची भीती नसते. आणि ऐकू आलं नाही तर नाही म्हणा, त्यात लाज कसली? गादी नसेल तर आमच्या दुकानातली न्या. फक्त आठवणीने परत आणून द्या. ताईचा सराव अजून चालू आहे.