बाटलीतली गुलछडी

"झाकण कोनी काडायचं न्हाई. आदी हात धुवा," म्हणत आईने शेजारच्या दगडाबाईपुढे साबणाची वडी सरकवली.

ओट्यावर काचेच्या बाटल्यांचा क्रेट होता. प्रत्येक बाटलीत तळाला जेली आणि तिच्यात गुलछडीची बोटाएवढी रोपं. ही रोपं माझ्या बायकोच्या, पंकजाच्या हातची. केडगावजवळच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये ती कामाला होती. ती गेली त्याला दोन महिने झाले. सकाळी लॅबच्या भारती मॅडम स्वतः क्रेट घेऊन आल्या.

"बन्सीभाऊ, मुळं धरलीत. आता मातीत जाऊ द्या. पण जपून. तुमच्या या जातीचं आमच्याकडेही आता काही उरलेलं नाही."

ही गुलछडी वडिलांनी लावलेली. फूल लहान, पण वास असा की नगरच्या बाजारात व्यापारी पाटी उघडायच्या आधी ओळखायचा. मग कंद जमिनीतच सडायला लागले. मी सगळं उपटून टाकलं. पंकजाने त्यातला एक बरा कंद निवडला आणि मॅडमना विचारून लॅबमध्ये नेला.

तिथे चाकूचं पातं ज्योतीवर धरून कंदाचा कोवळा गाभा कापायचा आणि बाटलीत ठेवायचा. मातीतला कंद, त्यामुळे बाटल्यांना बुरशी यायची. "आजबी गेल्या," एवढंच ती जेवताना सांगायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापायला बसायची. मी असतो तर कधीच सोडून दिलं असतं. शेवटी नखाएवढा एक तुकडा तगला. त्याला फुटवा आला, तो तिने कापून वेगळा केला, त्याला पुन्हा फुटवा आला. हा सगळा क्रेट त्या एका तुकड्याचा.

लॅबमध्ये बांगड्या चालत नाहीत. निघताना ती त्या काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. वडील लवकर गेले, म्हणून आईला ते बघवत नसे.

"मोकळे हात माजे हायेत, तेवढे बास झाले. नवरा जिता असताना तू कशाला?"

"आत्याबाई, बांगडीआड जंतू बसत्यात. आन तुमच्या लेकाला काय व्हतंय? चार भाकरी खातोय."

एकदा तिने एक बाटली दाखवायला घरी आणली होती. आत पाण्याचे थेंब साचले होते. "घामेजलंय लेकरू," म्हणून आईने झाकण काढून त्याला हवा दिली. थोड्याच दिवसांत आत काळी बुरशी धरली. आई रडायला लागली. पंकजा म्हणाली, "तुमी माया केली, आत्याबाई. त्याला अजून सोसत न्हाई, एवढंच."

मग तिलाच ताप आला आणि तो डोक्यात गेला. सवाष्ण म्हणून बायांनी हिरव्या बांगड्या भरून तिला पाठवलं. खिळा तेव्हापासून रिकामाच होता.

दगडाबाई रोपांची जेली धुवायला मदतीला आली होती. तिने मनगटापर्यंत हात धुतले.

"कोपरापातुर," आई म्हणाली. "आन बांगड्या काड."

"अगं माय! मालक जिता हाय माजा."

"मुळ्या केसावानी हायेत. बांगडीत अडकून तुटत्यात."

"तरी पन, गोजराक्का... असं मोकळ्या हातानं..."

आईने माझ्याकडे बोट केलं. "माजी सून रोज काडायची. तिचा मालक ह्यो बसलाय, धडधाकट."

दगडाबाईने पुन्हा साबणाची वडी उचलली. साबणाच्या फेसाने तिच्या बांगड्या एकेक सुटल्या. हातात धरून ती इकडेतिकडे बघत राहिली, कुठे ठेवाव्यात म्हणून.

मी उठलो. त्या तिच्या हातातून घेतल्या आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या.

मागे आईने पहिल्या बाटलीचं झाकण फिरवलं.